नदी डोंगर चढली तेव्हा

दुकान एकच होतं, पण त्यात संसार दोन होते. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आणि उजव्या हाताला त्यांच्या मुलांचं कॉम्प्युटरचं. मुलीला घरीदारी सगळे ताईच म्हणत, अगदी अण्णासुद्धा. तिच्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ म्हणजे धाकटा.

ते दिवस आठवले की ताईला आधी आठवतो तो वास. घड्याळाच्या तेलाचा आणि धुळकट पंख्यांचा. मग आठवतं ते हे की, डावी बाजू हळूहळू गप्प होत चालली होती आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले होते. अण्णा सकाळी टेबल पुसत, डोळ्याला भिंग लावत आणि एकच घड्याळ दिवसभर पुरवून पुरवून दुरुस्त करत. भिंग लावूनही बारीक स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटे. टेबलाखाली शोधताना ते पुटपुटत, "हल्ली स्क्रूच छोटे करतात मेले."

अशात एके दिवशी नकाशेवाल्या बाई आल्या. पुस्तकांसाठी, कचेऱ्यांसाठी नकाशे काढून देणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "एक नकाशा उघडायला हा कॉम्प्युटरचा डबा पाऊण तास घेतो. माझं निम्मं आयुष्य वाट बघण्यात चाललंय. जरा पळेल असं करा."

धाकटा आधीच उतावळा. त्याला तेवढंच हवं होतं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा रॅम जास्त वेगाने पळवायची, म्हणजे ओव्हरक्लॉक करायची, हे त्याचं तेव्हाचं वेड. त्याने वेग वाढवला, वीज थोडी चढवली आणि ताईकडे बघितलं. ताईचा स्वभाव दूधसुद्धा फुंकून पिण्याचा. ती म्हणाली, "दिवसभर चाचणी लावू. एकही चूक आली तर वेग खाली."

फ्लॉपीवरून चाचणी सुरू झाली. निळा पडदा, त्यावर सरकणारे आकडे. अण्णा भिंग कपाळावर सरकवून येऊन उभे राहिले.

"काय बघताय एवढं?"

"रॅममध्ये लाखो कप्पे असतात, अण्णा. हा प्रोग्राम प्रत्येक कप्प्यात एक आकडा ठेवतो आणि परत मागतो. तोच परत आला तर ठीक. दुसराच आला तर इथे लाल ओळ उमटते."

"म्हणजे ठेव ठेवायला द्यायची आणि तीच परत मिळते का बघायचं. तेही घाईघाईत."

"बरोबर!"

"आणि कुठल्या कुशीवर झोपवून बघितलंत?"

धाकटा खो खो हसला. "अण्णा, रॅम आहे ती, तान्हं बाळ नाही!"

अण्णांना राग आला नाही. ते म्हणाले, "घड्याळ टेबलावर उताणं ठेवलं की चोख चालतं. मनगटावर गेलं की मागे पडतं. म्हणून उताणं, पालथं, चावी वर, चावी खाली, सगळ्या अंगांनी चालवून बघावं लागतं. तुमच्यात नसेल तसं." आणि ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत एकही लाल ओळ उमटली नाही. मशीन बाईंच्या घरी पोहोचलं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. आवाज अगदी थंड होता. "माझी नदी डोंगरावर चढलीये."

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काल दुपारी काम केलं, साठवून ठेवलं. आज उघडलं तर नदीचा एक तुकडा डोंगराच्या माथ्यावर. शिवाय मशीन रोज दुपारी आपोआप बंद पडतंय."

मशीन परत आलं. पुन्हा दिवसभर चाचणी. चूक शून्य. तरी ताईने ते आणखी एक दिवस चालवलं, पुन्हा शून्य. धाकटा म्हणाला, "बाईंच्या नकाशाच्या प्रोग्राममध्येच खोट आहे. आपली रॅम धुतल्या तांदळासारखी आहे." ताईलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण फोनवरचा तो थंड आवाज तिच्या डोक्यातून जाईना.

तेवढ्यात डाव्या बाजूने आवाज आला, "मला त्यांच्या घरी घेऊन चला. दुपारचं."

बाईंची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. पश्चिमेला मोठी खिडकी, ऊन थेट टेबलावर. बाईंनी धूळ बसू नये म्हणून मशीनला शिवून घेतलेलं जाड कापडी झबलं घातलं होतं, आणि मशीन खिडकीलगत, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये कोंबून ठेवलं होतं. अण्णा वाकले. त्यांनी झबल्याखाली हात घातला, आईने पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा मशीनवर टेकवला आणि म्हणाले, "ताप आहे याला. तुम्ही याला दुकानात पंख्याखाली तपासलंत. नांदायचंय याला इथे."

ताईने तिथेच, झबल्यासकट, चाचणी लावली. चौघंही पडद्याकडे बघत बसले. तीन वाजून वीस मिनिटांनी पहिली लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग भराभर सात.

ताईला एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आनंदही झाला. चूक सापडली होती, आणि ती त्यांचीच होती. तिने बाईंकडे वळून सांगितलं, "तुमचा प्रोग्राम चांगला आहे. तापून रॅममधला आकडा बदलला आणि नदीची जागा सरकली. आम्हीच नीट तपासलं नाही." धाकट्याने मान खाली घातली आणि झबलं काढून घडी करत बसला.

रॅमचा वेग एक पायरी खाली आणला, मशीन खिडकीपासून हलवलं, आत एक जादा पंखा बसवला. आता याच खोलीत तीन दिवस चाचणी चालवायची ठरली. पण तिथे बसणार कोण? दुकान तर बंद ठेवता येत नव्हतं.

"मी बसतो," अण्णा म्हणाले. "मला असं काय काम आहे?"

तीन दिवस ते जेवणाचा डबा घेऊन गेले आणि दिवेलागणीला परत आले. तिसऱ्या दिवशी दारातूनच ओरडले, "एकही लाल नाही!" धाकट्याने त्यांना उचलूनच घेतलं.

त्यानंतर अण्णांची खुर्ची उजवीकडे आली. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. बारीक स्क्रू दिसत नसला तरी लाल ओळ त्यांना लांबून दिसे. सकाळच्या गारव्यात एक चाचणी, दुपारी खिडकीत एक, एक मशीन उभं ठेवून, एक आडवं. पास झालेल्या मशीनला ते दोऱ्याने पुठ्ठ्याचं कार्ड बांधत: तारीख, तास आणि वळणदार अक्षरात 'चालतं'. धाकट्याचं मशीन नापास झालं की त्यांना मनातून उकळ्या फुटत.

"अण्णा, तेविसाव्या तासाला एकच चूक आलीये हो! एकच!"

"एकच नदी चढली होती ना?"

धाकटा मग वेग एक पायरी खाली आणायला बसे. गिऱ्हाईकं तर अण्णांनी तपासलंय का, असंच विचारून मशीन न्यायला लागली.

नऊ वर्षं असं चाललं. मग अण्णा गेले. पुढे धाकटा नोकरीसाठी दूर गेला, दुकान आवरलं आणि ताई एका मोठ्या कंपनीत लागली. तिथे मशीनं तापवलेल्या बंद खोलीत ठेवूनच तपासतात. पहिल्या दिवशी ती खोली बघून ताईला हसू आवरेना. सोबतच्यांना कळेना, हिला झालं काय.

परवा भाजी घेताना तिला नकाशेवाल्या बाई भेटल्या. केस पांढरेशुभ्र, चाल मात्र तशीच ताठ. दोघी रस्त्याच्या कडेलाच बोलत उभ्या राहिल्या. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी त्या तीन दिवसांत मला एक सांगितलं होतं. पोरांना सांगू नका म्हणाले. पण आता सांगायला हरकत नाही."

"काय?"

"म्हणाले, 'बाई, तुमची नदी डोंगरावर चढली याचं वाईट वाटतं. पण खरं सांगू? मला बरंच वाटलं. वर्षभर मी नुसतं टेबल पुसायला दुकानात जात होतो.'"

टेबल पुसणारे अण्णा तिने वर्षभर रोज बघितले होते. तिने बाईंचा हात घट्ट धरला.

घरी आल्याबरोबर तिने धाकट्याला फोन लावला. ऐकून तो म्हणाला, "बिलंदर होता गं म्हातारा." आणि थोड्या वेळाने, "ताई, मी तेव्हा त्यांना हसलो होतो ना?"

"हसला होतास. पण नंतर उचलूनही घेतलं होतंस."

"हं. किती हलके लागले होते गं तेव्हा."

मग दोघं पुष्कळ वेळ बोलत राहिले, एकेक मशीन आठवत, कुठलं कितव्या तासाला नापास झालं होतं ते.