तीनदा घेतलेलं नाव

मित्रांनो, वर्ध्याजवळच्या आंजी गावात मारुतीच्या देवळाच्या गच्चीवर, लोखंडी नळीला तारेनं बांधलेला एक भोंगा दिसतो. रंग उडालेला, एका कडेला पोचा पडलेला. तो मी. गावात मला पोंगा म्हणतात. माझं तोंड गावात सगळ्यात मोठं, पण स्वतःचा आवाज मला कधीच नव्हता. आजवर जे बोललो ते दुसऱ्यांचं. आज माझं स्वतःचं थोडं सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची चकती साच्यावर फिरवून माझं तोंड घडवलं. पुढे वर्ध्याच्या एका दुकानात मी बरेच दिवस छताला टांगलेला होतो. तिथून नत्थूजी भोयर यांनी मला विकत घेतलं. त्यांचं बिछायतीचं काम होतं. लग्नकार्याला सतरंज्या, भांडी, दिवे आणि भोंगा भाड्यानं द्यायचे. गावोगावच्या लिंबांवर आणि चिंचांवर मी बांधला गेलो. मंगलाष्टकं म्हटली, रुसलेल्या व्याह्यांना जेवायला बोलावलं. नवरदेव पारावर आला की सगळ्यांत आधी मी सांगायचो.

नत्थूजींची बायको मनकर्णाबाई. परगावी जायचं असलं की ती मला जुन्या लुगड्यात गुंडाळून द्यायची. एकदा देवळीकडच्या एका लग्नात मी झाडावरून पडलो. नत्थूजी म्हणाले, हा आता भंगारात गेला. मनकर्णाबाईनं मला मांडीवर घेतलं आणि खलबत्त्याच्या बत्त्यानं आतून हळूहळू ठोकत बसली. पोचा बराच निघाला, थोडा राहिला. ती म्हणाली, "राहू द्या. आता याले दुसऱ्याचा म्हणून कोणी नेणार नाई." ती खूण अजून माझ्या अंगावर आहे.

मग लग्नांत मोठमोठ्या पेट्या आल्या. छाती हादरवणारा आवाज आला. माझं काम सुटलं. नत्थूजींनी बाकीचं सामान विकलं, पण मला विकलं नाही. देवळाला देऊन टाकलं. आवाजाचं मशीन आणि माइक गाभाऱ्याशेजारच्या खोलीत ठेवले आणि बोलायचं काम स्वतःकडे ठेवलं.

तेव्हापासून मी गावाचा झालो. रेशन आलं, लसीकरण आहे, कोणाची शेळी चुकली, कोणाकडे मयत झाली, सगळं माझ्यातून गेलं. आणि कोणाचे पैसे सापडले तर तेही. त्याची नत्थूजींची एक रीत होती. रक्कम सांगायची नाही. पिशवीचा रंग सांगायचा नाही. फक्त म्हणायचं, "सापडलं आहे. खूण सांगा आणि घेऊन जा." खूण पटली की ज्याचं त्याला द्यायचं. मग ज्यानं परत केलं त्याचं नाव तीनदा घ्यायचं. आमच्या गावात बक्षीस एवढंच. पण ज्याचं नाव निघायचं तो दुसऱ्या दिवशी जरा ताठ चालायचा.

एकदा मनकर्णाबाईला बसथांब्यावर एक पाकीट सापडलं. पंचायत समितीत कारकून असलेल्या प्रभाकररावांचं होतं. त्यांच्या आईच्या उपचाराचे पैसे त्यात होते. तिनं ते आणून नत्थूजींच्या हातात दिलं. खूण पटली, पाकीट परत गेलं. आता नाव घ्यायचं होतं. पण नत्थूजी जुन्या चालीचे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर बायकोचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते माइकवर म्हणाले, "पैसे आमच्या घरून परत करण्यात आले आहेत." आणि तीनदा तेच म्हणाले.

खाली पारावर बबनराव बसले होते. त्यांची जीभ पहिल्यापासून तिखट. ते ओरडले, "नत्थू, घरून म्हंजे? भिंतीनं उचललं काय पाकीट?"

सगळे हसले. मला गच्चीवरून नत्थूजींचं अंगण दिसतं. मनकर्णाबाई हातात सूप घेऊन उंबऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी गप्प झाल्यावरही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बसून धान पाखडायला लागली. नत्थूजी घरी आले तेव्हा हसत म्हणाली, "साऱ्या गावाचं नाव तोंडात बसते तुमच्या. माहं तेवढं बसत नाई."

नत्थूजीही हसले. तो विषय तिथंच संपला.

मागच्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात होती, तिथून गाडीत परत आली ती तशीच. गावातल्या प्रत्येक मयतीची खबर नत्थूजींनी दिली होती. त्या दिवशीही ते खोलीत आले. मशीन लावलं, माइक हातात घेतला. माझ्या आत नुसती घरघर होत राहिली. शब्द आला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी बटण बंद केलं. मोबाइलच्या दुकानवाल्या मुकेशनं गावाच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला आणि लोकांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली. तिचं नाव माझ्या तोंडून जिवंतपणी गेलं नाही आणि मेल्यावरही गेलं नाही.

त्यानंतर मी मुका झालो. नत्थूजी सकाळी ओट्यावर येऊन बसत, संध्याकाळी उठून आत जात. मला कोणी पुसलं नाही. साळुंकीनं माझ्या तोंडात काड्या भरल्या, पिल्लं काढली आणि निघून गेली. काड्या तशाच राहिल्या. पाऊस माझ्यावर पडला, धूळ बसली. खाली गाव चालू होतं आणि त्याला माझी काही गरज नव्हती.

आणि मग मागच्या महिन्यातला एक बाजार आला.

देवळीची मोहिनी दर बाजाराला पाराखाली बांगड्यांचं दुकान मांडते. ती दुकान आवरत होती. नवरा टेम्पोत बसून वाट पाहत होता. ताडपत्रीची घडी करताना तिला एक थैली सापडली. तोंडाशी नाडी आवळलेली, आत नोटा. गर्दीत कोणाची तरी पडली असणार. समोर मुकेशचं मोबाइलचं दुकान आहे. ती तिकडे गेली.

"दादा, हे कोणाची तरी पडली. गावाले सांगा."

"आता झालंच म्हना, ताई," मुकेश म्हणाला. "आपला ग्रुप हाय ना. चहा निवायच्या आत अख्ख्या गावाले माहीत."

मुकेश मनानं चांगला आहे, पण घाईचा आहे. त्यानं थैली उपडी केली, नोटा मोजल्या, थैलीशेजारी मांडून फोटो काढला आणि रकमेसकट ग्रुपवर टाकला. थैली उपडी करताना तळातून चिंधीची एक पुरचुंडी काउंटरवर पडली. फोटोत ती आली नाही. हरवून जाईल म्हणून मोहिनीनं ती उचलून आपल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली.

चहा निवायच्या आत लोक आले हे खरं. पण एक नाही, तिघं आले.

एक म्हणाला, थैली माझ्या काकाची. दुसरा म्हणाला, माझे सोयाबीनचे पैसे. तिसऱ्यानं थैलीचा रंग सांगितला, रक्कम सांगितली, नाडीला कशी गाठ आहे तेही सांगितलं.

"बाप्पा!" बबनराव पारावरून म्हणाले. "फोटो लय मन लावून पाह्यला गड्यानं."

मुकेशनं नोटा पुन्हा थैलीत कोंबल्या. "आता कोणाले देऊ? पोलिसात नेऊन देतो."

"द्या," मोहिनी म्हणाली. "पण ज्याची हाय त्याले कसं कळन? तो तं ग्रुपवर नसन. असता तं पळत आला असता."

टेम्पोचा हॉर्न वाजला. "थांबा जी!" ती मागं न बघता ओरडली.

बबनरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पह्यले हे पोंग्यावरून होत होतं. पण नत्थू आता तोंडच उघडत नाई कोनाशी."

मोहिनी सरळ नत्थूजींच्या ओट्यापाशी गेली. डबा तिच्या काखेत होता.

"काकाजी, पोंगा तुमीच चालवता ना?"

"चालवत होतो."

"मंग आज चालवा ना. पैशाची थैली सापडली कोणाची तरी. मुकेशदादाजवळ हाय."

"मशीन बंद हाय, बाई."

"मशीन बंद हाय का तुमी?"

नत्थूजींनी मान वर केली. घरात त्यांच्याशी असं तिरकं बोलणारं एकच माणूस होतं. मोहिनीला दारातून भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. ती जरा नरमली.

"ह्या कोन?"

"घरचे."

"नाव काय जी त्यायचं?"

नत्थूजींचे ओठ हलले. मला वरून दिसलं. पण आवाज निघाला नाही. मग त्यांनी दुसरंच विचारलं, "मुकेशनं रक्कम सांगितली?"

"रक्कम सांगितली, फोटोबी टाकला."

"मंग माह्या पोंग्याले काय राह्यलं सांगाले?"

मोहिनीनं डबा उघडून पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली. "हे राह्यलं. हे फोटोत नाई."

नत्थूजींनी ती सोडून आत पाहिलं. पुन्हा बांधली. आणि पायांनी चपला शोधायला लागले.

गच्चीवर यायला लोखंडी शिडी आहे. मोहिनीनं ती खालून धरली. नत्थूजी वर आले आणि माझ्या तोंडातल्या काड्या एकेक करून काढल्या. काढताना त्यांचा हात त्या पोच्यावरून गेला. तिथं थोडा थांबला.

मग खाली जाऊन त्यांनी मशीन लावलं. कित्येक महिन्यांनी माझ्यातून त्यांचा आवाज निघाला. जरा चिरलेला होता, पण त्यांचाच होता.

"गावकऱ्यांनो, ऐका. बाजारात एक थैली सापडली आहे. पैसे किती ते सगळ्यांना माहीत झालं आहे. पैशांशिवाय त्या थैलीत आणखी काय होतं, हे ज्याला सांगता येईल त्यानं देवळापाशी यावं."

खाली तिघं एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, सुपारी. दुसरा म्हणाला, किल्ली. तिसरा म्हणाला, देवाचा फोटो.

"थांब जरा," बबनराव म्हणाले, "आता एखादा म्हनन, माहा सासरा होता थैलीत."

तिघंही हळूच पांगले. त्यानंतर मात्र कोणी येईना. टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. मोहिनी जागची हलली नाही. नत्थूजींनी तेच पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा सांगितलं.

तेव्हा शेताच्या वाटेनं पार्बताबाई येताना मला दिसली. गावाबाहेर झोपडीत राहणारी म्हातारी. तिच्याकडे मोबाइल नाही. ती खाली वाकून रस्ता धुंडाळत चालत होती. किती वेळापासून ती अशी शोधत होती कोण जाणे.

"पोंगा वाजला म्हून आली," ती धापा टाकत म्हणाली. "मले वाटलं कोनी मेलं. मंग थैली आयकू आली."

"थैलीत काय होतं, आजी?" नत्थूजींनी विचारलं.

"पैसे होते बापा. बकऱ्या इकल्या आज. नातीची होस्टेलची फी भराची हाय."

"पैशाचं साऱ्यायले माहीत हाय. अजून काय होतं?"

"अजून? अजून काय..." ती गोंधळली. मग म्हणाली, "दोडक्याचं बी होतं चिंधीत. माह्या मायच्या घरचं. ते गेलं तं मिळनार नाई कुठं."

नत्थूजींनी पुरचुंडी सोडून दाखवली. काळ्या, चपट्या बिया होत्या. मुकेशनं थैली तिच्या हातात दिली. म्हातारी पैसे न मोजताच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

शांत झाल्यावर तिनं एक नोट काढून मोहिनीपुढे धरली. मोहिनीनं तिचा हात मागं सारला. "फी कमी पडन ना, आजी. चार दाने बियाचे दे."

"चार काऊन? मूठभर ने."

मोहिनी निघाली. नत्थूजींनी तिला थांबवलं. "नाव सांगून जा, बाई. इथं परत करनाऱ्याचं नाव घेतात."

"माहं नाव कशाले? माह्या गावाले थोडंच आयकू जाते?"

"तुह्या नवऱ्याले तं जाईन."

ती लाजली आणि नाव सांगितलं.

मी ते घेतलं. "देवळीच्या मोहिनीबाई, बांगड्यावाल्या, यांनी पैसे परत केले." एकदा. दोनदा. तीनदा. दुसऱ्या वेळेला टेम्पोचा हॉर्न थांबला. तिसऱ्या वेळेला तिचा नवरा टेम्पोतून उतरला. इतका वेळ चिडलेला माणूस, पण तो चालत आला, तिच्या काखेतला डबा घेतला आणि तिच्या शेजारून चालायला लागला. मान ताठ होती त्याची.

खोलीच्या खिडकीतून नत्थूजींना ते दिसलं. ते दोघं टेम्पोपर्यंत पोचेस्तोवर ते बघत राहिले.

त्यांनी बटण बंद केलं नाही. माझ्यात पुन्हा ती घरघर सुरू झाली. तीच, त्या दिवशीची. मला वाटलं, आताही शब्द येणार नाही.

"आणखी एक सांगायचं राहिलं होतं," नत्थूजी म्हणाले. "प्रभाकररावांचं पाकीट बसथांब्यावर सापडलं होतं. ते परत करणाऱ्या बाईंचं नाव सांगायचं राहिलं."

"मनकर्णाबाई नत्थूजी भोयर." ते थांबले. "मनकर्णाबाई." आणि मग आवाज फुटला, पण त्यांनी म्हटलं, "मनकर्णा."

बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

नत्थूजी आता रोज सकाळी वर येऊन मला फडक्यानं पुसतात. कधी नुसतेच माझ्याजवळ उभे राहतात. घर तसंच रिकामं आहे. माझ्या बोलण्यानं ते भरणार नाही, हे मला कळतं.

मित्रांनो, मला नवा रंग लावा असं मी म्हणत नाही. साळुंकीला पुन्हा घरटं करायचं असेल तर माझी ना नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कोणी सापडलेलं काही परत केलं तर त्याचं नाव मोठ्यानं घ्या. आणि तो माणूस तुमच्याच घरातला असेल, तर त्याचं आधी घ्या. उशीर करू नका.

मनकर्णाबाईचं नाव मी तीनदा घेतलं. गावाच्या चारी टोकांना ते पोचलं. त्या नावाला ओ मात्र कोणी दिली नाही.