नाडी चालू होती

खाडीच्या बांधातली उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारं फळीचं दार, गाळाने अडली होती. फळीखालचा गाळ उपसायला रावजीने भोकात हात घातला आणि किंचाळून बाहेर ओढला. काय डसलं ते कुणालाच दिसलं नाही. थोरल्या भावाने, अंबाजीने, सापच चावला असं धरलं आणि जाळ्याच्या सुती दोरीने रावजीचा दंड करकचून आवळला. अलिबागला डॉक्टरकडे नेणारी होडी भरतीशिवाय हलणार नव्हती.

अंबाजीचा मुलगा अनंता, यंदाच प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, धावत आला तोवर दोन तास उलटले होते. काकाचा हात जांभळा पडून टम्म फुगला होता.

"बाबा, दोरी सोडा."

"येडा झालास? नाडी बघ आधी."

अनंताने मनगट धरलं. नाडी लागत होती.

"हाय ना? मंग हात जिता हाय. ह्यो तुझा कालेजातला बेडूक न्हाय."

अनंताने हात उलटून पाहिला. कातडीवर मोहरीहून बारीक लाल ठिपके उमटत होते. दोरीखाली रक्त परत नेणाऱ्या वरवरच्या शिरा दबल्या होत्या. खोलवरची रोहिणी मात्र ठोक्याठोक्याला रक्त आत ढकलत होती.

"बाबा, नाडी आहे तेच वाईट. उघाडीची फळी उलटी बसली तर काय होईल? भरतीचं पाणी शेतात येत राहील. परत जायचं कुठून?"

"बांध फुटंल," काकी मनुबाई पुटपुटली.

"तेच चाललंय. बारीक शिरा आधी फुटतायत."

"आन् साप असंल तर?" अंबाजी गरजला.

जखम एकच होती, फाटलेली; शिंगाळा माशाच्या काट्याची असावी. असावी, इतकंच. अनंताने काकाच्या पापण्या पाहिल्या. नागाच्या विषाने त्या जड होऊन झुकतात, घास गिळवत नाही; काकाच्या झुकल्या नव्हत्या.

"काका, गिळता येतंय?"

"येतंय रं. इडी दे एक वढाया."

मनुबाईने अनंताकडे रोखून पाहिलं. "सोड. पण त्यो मेला, तर माझ्या दारात पाय ठेवू नको."

भिजून फुगलेली गाठ सुटेना. अनंताने कोयत्याच्या टोकाने एकेक वेढा कापला. प्रत्येक वेढ्यानंतर थांबून पापण्या पाहिल्या. शेवटच्या वेढ्याला रावजी गुरासारखा ओरडला. जांभळा रंग दंडापासून हळूहळू मनगटापर्यंत ओसरला, मग तळव्यातूनही.

भरती आली. रावजी आपल्या पायांनी होडीत चढला, अंबाजीला शिव्या देत. करंगळी अजून निळीच होती. अनंता त्याचा हात वर धरून शेजारी बसला.