सरगूरच्या बसमधली शेळी

“गिरिजाबाई, पुस्तकात हे ‘मेके’ कुठे लिहिलंय?” विभावरीने मागच्या खुर्चीवरून विचारलं.

हसणारी मुलं गप्प झाली. गिरिजाबाईंनी पान तिच्याकडे फिरवलं. “चित्र बगा की मॅडम. शेळीला आमच्याकडं मेकेच म्हणतात. सुम्ने, उगाच शेळी शेळी केलं तर या पोरांना कळत न्हाई.”

“पुस्तकातली शेळी एसटीत चढते. तुम्ही तिला सरगूरच्या बसमध्ये बसवलंत. कंडक्टर कानडी बोलतोय, भाकरीचं रागीमुद्दे झालंय. मग लेखिकेचं काय राहिलं त्यात?”

“शेळी राहिली की,” गिरिजाबाई म्हणाल्या.

विभावरी मनाने वाईट नव्हती. नोकरीसाठी नाशिक सोडून ती म्हैसूरला आली, त्याला बरीच वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट तिनेच भरलं होतं, दर सुट्टीत नातेवाइकांच्या घरून पिशव्या वाहून. तिचा मुलगा अनुराग घरी इंग्रजीत उत्तरं देई. निदान शनिवारी तरी त्याच्या कानावर चांगलं मराठी पडावं, एवढीच तिची धडपड.

“पुढच्या शनिवारी छापलंय तसंच वाचा,” ती म्हणाली. “नाहीतर मी मंडळातल्या मृण्मयीला सांगते वाचायला. लेखिकेचे शब्द बदलायचे तर तिची परवानगी लागते.”

विषय संपवायला माणूस काहीतरी बोलतो, तशी ती हे बोलली होती. गिरिजाबाईंनी मात्र ते शब्दशः घेतलं. “आणते की परवानगी,” म्हणाल्या आणि पुस्तक पिशवीत टाकून नातीचा हात धरून निघाल्या.

गिरिजाबाई लष्कर मोहल्ल्यात ब्लाउज शिवतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकलं, पण ते बोलण्यापुरतं. शाळा कानडी, वाचन कानडी. देवनागरीची ओळख हिंदीच्या परीक्षेपुरती. कपाटाची किल्ली घ्यायला कोणी तयार होईना तेव्हा यांनी ती घेतली, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत अख्खं कपाट वाचून काढायला बसल्या. शिवणकाम पडून राही, गिऱ्हाइकं कुरकुरत. बाईंनी कोणाला जुमानलं नाही.

पुस्तक पारखायची त्यांची रीत अगदी साधी. नव्या, त्यांची नात, मशीनशेजारी बसून ब्लाउजांचे कच्चे टाके उसवायची. त्या मोठ्याने वाचायच्या. पोरीचा हात चालत राहिला की पुस्तक परत कपाटात. पहाटे उठणारी गुणी मुलं परत गेली, शूर राजपुत्र परत गेले. एक दिवस हे शेळीचं पातळसं पुस्तक निघालं आणि हात थांबला. लेखिका वत्सला निमगुळकर. हे नाव विभावरीनेसुद्धा ऐकलं नव्हतं.

नव्याचा बाप रघु तिच्याशी इंग्रजीत बोले, आई कानडीत. मराठी उरलं होतं ते या आजीपुरतं, आणि आजी काही जन्माला पुरणारी नव्हती. ते पोरीच्या तोंडी राहायचं तर आजीच्या घरात बोलतात तसंच राहणार होतं. तसं बोलणारं एकही पुस्तक अख्ख्या कपाटात नव्हतं. हे गिरिजाबाईंना फार लागलं होतं. शनिवार सोडायला त्या तयार नव्हत्या, त्याचं कारण हे.

पुस्तकावरच्या प्रकाशकाच्या नंबरावर आता कोणीतरी नळाच्या तोट्या विकत होतं. पण आतल्या पानावर मिरजेच्या एका शाळेचा शिक्का होता. शाळेतला कारकून म्हणाला, निमगुळकरबाई इथेच शिकवायच्या, रिटायर होऊन जमाना झाला. नंबर माहीत नाही. गिरिजाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा फोनवर. तिसऱ्या दिवशीही. शेवटी त्या बापड्याने कंटाळून कुठूनतरी नंबर मिळवून दिला.

फोन निमगुळकरबाईंच्या सुनेने घेतला. “ते पुस्तक अजून कोणी वाचतं?” तिला खरंच वाटेना. “शनिवारी संध्याकाळी करा. मी आईंना शेजारी घेऊन बसते.”

शनिवारी मुलांच्या मधोमध टेबलावर फोन ठेवला. विभावरी हाताची घडी घालून उभी होती. बाई खरोखरच लेखिकेला गाठतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“बाई, मी मैसूरहून बोलतेय,” गिरिजाबाई म्हणाल्या. “तुमच्या शेळीला मी आमच्या बसमध्ये बसवलं. आमच्या बोलीत सांगते पोरांना. ते इथं चालत न्हाई म्हणतात. तुम्हाला चालतंय का?”

मग एक म्हातारा, पण मास्तरणीचा आवाज आला, “वाच बघू.”

गिरिजाबाईंनी वाचलं. सरगूरला मेके बसमध्ये चढली. कंडक्टर ओरडला, “ए, इळि, इळि.” ती उतरली नाही, उलट त्याच्या हातातली तिकिटंच खाऊन बसली. बसभर माणसं, आणि कोणाजवळ तिकीट नाही. मुलं हसायच्या आधी फोन हसला. मग सगळी खोली हसली. अनुराग तर पोट धरून. पुढच्या स्टॉपला चेकर चढला आणि गिरिजाबाई थांबल्या. आज निकाल घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं.

“आता सांगा बाई. वाचू का बंद करू?”

उत्तर आलं ते सुनेचं, हळू आवाजात. “आईंना परवानगीबिरवानगी नका विचारू. त्यांना आता काही आठवत नाही. हे आपणच लिहिलंय, हेसुद्धा.”

“तू मधे बोलू नकोस गं,” म्हातारा आवाज तिच्यावर चढला. “बाई, तो चेकर चढला. मग त्या मेकेचं काय झालं?”

विभावरी पुढे आली. तिने फोन उचलला, गिरिजाबाईंच्या तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून उभी राहिली.

गिरिजाबाईंना पान दिसेना. त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि लेखिकेला तिची गोष्ट पुढे सांगायला लागल्या.