सारवलेली चूल

सकाळच्या पारी मोशीच्या वरच्या आळीत घरोघरच्या कौलांतून धूर निघायचा. एकट्या मुरारीच्या घरावर तो अठरा दिवस दिसला नव्हता. ज्या घरावर धूर नाही त्या घरात कुणीतरी गेलेलं असतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुतकात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे टोपलीत भाकरी झाकून आणून देतात. म्हणून येणारा-जाणारा त्या घरापुढं पाऊल हळू टाकी, आत डोकावून बघे, आणि मुरारी ओट्यावर गाजर चावत बसलेला दिसला की चुकल्यासारखा पुढं निघून जाई.

चूल त्याच्या बायकोनं, शकूनं विझवली होती. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनानं.

मुरारीचं पोट दोन वर्षं जळत होतं. पुण्याच्या डॉक्टरनं पोट कापावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा तो घाबरून एका निसर्गोपचाराच्या आश्रमात जाऊन राहिला. तिथं महिनाभर त्याला विस्तवाला शिवलेलं काहीच दिलं नाही. मोड आलेली मटकी, भिजवलेले शेंगदाणे, मुळा, गाजर, पेरू. गेला तेव्हा वाळल्या चिपाडासारखा होता. आला तो तोंडावर तकाकी घेऊन आणि रात्रभर गाढ झोपायला शिकून. शकूला वाटलं, देवानं आपला माणूस परत दिला.

घरी येऊन पाचवा दिवस. सासूसाठी ती भाकरी भाजत होती. आरावर भाकरी फुगली, तिचा वास घरभर सुटला, आणि ओट्यावरचा मुरारी चोरासारखा आत आला. अर्धी भाकरी आणि ठेचा खाल्ला त्यानं. रात्री पोट धरून लोळला, आणि पहाटे काळं ओकला.

दुसऱ्या दिवशी शकूनं राख भरून उकिरड्यावर टाकली, चूल शेणानं सारवली, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि म्हणाली, "एक्केचाळीस दिवस. तुमच्याबरोबर मी बी तेच खाईन. वासच नको घरात."

"तू कशाला? अंगावर पाजतीस," मुरारी म्हणाला.

"मग काय झालं? दुभती म्हैस काय शिजवून मागते?"

हे उत्तर तिला फार आवडलं. पुढं गावाला तिनं तेच निरनिराळ्या तऱ्हांनी दिलं.

तात्याबा तिचा चुलत सासरा. शेताला जाताना रोज ओट्याशी थांबायचा. "काय मुरारी, झाली का वैरण? पिंपरीला सुईच्या औषधाचा एवढा मोठा कारखाना निघाला, साहेब लोक मोटारीनं बघाया येत्यात, आन् आमचा गडी गाजरं चावून बरा व्हायचा म्हणतो!"

शकू डोईवरचा पदर सावरून दाराआडून बोले, "तात्या, तुमचा खिलारी दिसभर औत ओढतो. त्याला कोण थापून घालतं भाकरी?"

"खिलारी रातभर रवंथ करीत बसतो, सूनबाई. तुझा नवरा करील का?"

आळी हसे. शकूही पदरात हसे, पण मागं हटत नसे. हरणं, माकडं, रानातली पाखरं, सगळी तिच्या बाजूनं साक्षीला येत. फक्त सासूपुढं तिचं चालत नसे. रतनबाईच्या तोंडात दात नव्हता. "मी काय हिरड्यांनी मुळं कुरतडू?" असं म्हणून तिनं पहिल्याच दिवशी हात टेकले. तेव्हापासून शेजारची छबूबाई तिच्यासाठी दोन भाकरी आणि कालवण टोपलीत झाकून आणायची. आडोशाला, मुरारीला वास जाऊ नये म्हणून, म्हातारी गोठ्यात बसून खायची.

आणि मुरारीला खरंच बरं होतं. हे कुणालाच नाकारता येत नव्हतं. तो मोटेवर पुन्हा उभा राहू लागला. पोटावरचा हात, जो दोन वर्षं तिथंच चिकटलेला असायचा, तो सुटला. शकू त्या मोकळ्या हाताकडे बघायची आणि तिला वाटायचं, गाव काय बोलायचं ते बोलो.

त्यांची लेक इंदू अकरा महिन्यांची; तिची वरची पेज चुलीबरोबरच बंद झालेली. पाळण्यातलं नाव इंद्रायणी. पहिले चौदा-पंधरा दिवस ती रडली. ओढायची, सोडून द्यायची, मूठ आपटायची, पुन्हा ओढायची. एरवी रात्री चोळी भिजून अंगाला चिकटायची; आता सकाळी ती कोरडी असे. शकूनं शेंगदाणे जास्त भिजवले. अळीव चघळले. शेजारी दूध मागावं तर लगेच विचारणार, का गं, तुला काय झालं? घरची गाय आटलेली. ती कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर चूल पेटली असती.

मग इंदू रडायची थांबली.

"बघ," मुरारी तिच्या जावळावरून हात फिरवत म्हणाला, "सात्त्विक अन्नाचं दूध. लेकरू कसं शांत झालं."

शकूनं मान हलवली. ते खरं असावं असं तिला फार वाटत होतं.

सतराव्या दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली. शेजारच्या दगडावर मंजुळाबाई गोधडी आपटत होती. ही आळीची सुईण. निम्मी पोरं तिच्या हातची. तिनं शकूच्या पिळ्यांकडे बघितलं.

"लंगोट एवढंच?"

"एवढंच. आमची इंदू शहाणी झाली, मावशी. रडत न्हाई, भिजवत न्हाई. शिजलेल्या अन्नाची पोरं बघा की, आख्खी आळी डोक्यावर घेत्यात."

मंजुळाबाईनं गोधडी आपटायची थांबवली. पलीकडच्या दोघी बोलत होत्या, त्याही थांबल्या. मंजुळाबाई काहीतरी विचारणार होती, पण शकूनं बादली उचलली आणि ती भराभर चढ चढून गेली. वर येईतो तिला धाप लागली. आधी आठ-आठ लंगोट धुवायची ती. आज दोन होते. हात हलके होते खरे. त्या हलकेपणाचंच तिला भय वाटलं, आणि ते तिनं पिळ्याबरोबर दोरीवर टाकून दिलं.

त्याच सकाळी नाशिकच्या सडकेनं एक रिकामी बैलगाडी चाकणकडे चालली होती. गाडी शकूच्या भावाची, गेनूची. पुण्याच्या बाजारात कांदा टाकून तो परत निघाला होता. मोशीत आल्यावर बहिणीचं घर सडकेवरून दिसतं म्हणून त्यानं मान वळवली. सगळ्या आळीवर धूर, बहिणीच्या कौलांवर नाही. आणि तेवढ्यात एक बाई झाकलेली टोपली घेऊन त्याच घरात शिरताना त्याला दिसली. मुरारीचं दुखणं गेनूला माहीत होतं. त्याच्या हातातला कासरा गळाला. एकट्यानं त्या दारात जायचा त्याला धीर झाला नाही. आईला घेऊन येऊ म्हणून त्यानं बैलांना चाबूक दाखवला.

अठराव्या दिवशी, उन्हं अंगणात उतरली तेव्हा शकू इंदूला मांडीवर घेऊन बसली होती. गाजराचा रस बोटानं तिच्या ओठांना लावत होती. इंदू बोट चोखत नव्हती. डोळे उघडे होते, पण ते शकूच्या तोंडावर न थांबता मागं कुठंतरी बघत होते. शकूनं एक हात लांब करून सारवलेल्या चुलीवर ठेवला. चूल थंडगार होती. अजून तेवीस दिवस, ती मनात म्हणाली.

तेव्हा वेशीकडून हेल ऐकू आला.

"माझ्या शकूचं कुंकू गं पुसलं... माझा सोन्यासारखा जावाई गं..."

शकूनं आवाज ओळखला. तिची आई, कुशाबाई. गाडीतून वेशीपाशी उतरून, मयताच्या घरी जातात तशी रडत चालत येत होती. मागं मान खाली घालून गेनू. दारादारांतून बायका बाहेर आल्या, कपाळाला हात लावून मागोमाग निघाल्या. कोण गेलं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मुरारी हातात पेरू घेऊन ओट्यावर उभा राहिला. जितेपणी आपलं मयत ऐकायला आलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तो आळीनं त्या दिवशी पाहिला.

कुशाबाईनं त्याला बघितलं आणि तिचा हेल अर्ध्यात तुटला. कुणीतरी हसलं. तात्याबाच असावा. पण त्याचंही हसू लगेच विरलं. उभ्या माणसाचं रडणं रडून झालं होतं; ते आता परत कसं घेणार? रतनबाईनं मीठ-मोहऱ्या आणल्या आणि लेकावरून उतरवल्या. टाकायला चूल पेटलेली नव्हती. ती मूठ तशीच धरून उभी राहिली.

"मग चूल का बंद हाय?" कुशाबाई ओरडली. लाजेनं आणि संतापानं तिचा आवाज फाटला होता. "जित्या माणसांच्या घरात चूल का बंद?"

शकूकडे उत्तर तयार होतं. अठरा दिवस घोटलेलं. "आई, ऐक तर. ह्यांचं पोट बरं झालं, सगळ्या गावानं बघितलं. काळं ओकत व्हते, आता मोट हाकतात. रानातलं कोणतं जनावर शिजवून खातं? आन् इंदूकडं बघ," तिनं लेक उचलून आईच्या ओटीत ठेवली, "बघ, रडते तरी का?"

कुशाबाईनं नातीची टाळू चाचपली. बोट खळग्यात गेलं. मग तिनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"हे लेकरू शेवटचं कधी रडलं?"

"परवा... न्हाई. त्याच्या आदल्या दिशी."

"आन् तू पाजतीस काय?"

अंगणभर बायका होत्या. मंजुळाबाई पुढं आली होती. शकूला आता दाराची आड नव्हती.

"येत न्हाई, आई," ती म्हणाली. "पाच दिस झाले, थेंब न्हाई."

मुरारीच्या हातातला पेरू खाली पडला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी चूल पेटव म्हणाला असता."

म्हणालाच असता तो.

"गेनू, बैल सोडू नको," कुशाबाई म्हणाली. "चाकणच्या दवाखान्यात न्यायची. पर वाटेत टिकाया आधी घोटभर कायतरी ऊन पोटात जाऊ दे."

छबूबाई धावत जाऊन खापरात विस्तव घेऊन आली. शकूनं तो चुलीत घातला, वर काटक्या, शेणी. फुंकणी कुठं ठेवली ते तिला आठवेना. तोंडानंच फुंकू लागली. सारवण तडतडून फुटलं, हळदीकुंकवाची बोटं काळी झाली. मंजुळाबाईनं तांदूळ धुवून टाकले, आणि तोवर पाण्यात गूळ आणि मिठाचा खडा कोमट करून वाटीत दिला.

शकूनं पहिला चमचा लावला. पाणी ओठांच्या कडेनं ओघळलं. दुसराही ओघळला. अंगणातली एकही बाई घरी गेली नव्हती. त्या ओळीनं बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून, आणि त्या कशासाठी थांबल्यात हे शकूला कळत होतं.

"रड गं माझे बाई," ती इंदूच्या कानाशी म्हणत होती, "रड. आळी डोक्यावर घे. मी कुणाला काय म्हणणार न्हाई. तू रड."

तिसऱ्या चमच्याला इंदूचा गळा हलला. चौथ्यालाही. पाचव्याला तिनं तोंड वेडंवाकडं केलं, आणि आतून एक बारीक आवाज आला. लांब कुठंतरी दार करकरावं तेवढाच. तो रडण्याचा होता की नाही, हे मंजुळाबाईनंसुद्धा सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पाजत ऱ्हा. हात थांबवू नको."

गाडी जुंपलेली दारात उभी होती. पेज शिजत आली, तिचा वास घरातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात गेला. शकूनं चमचा न थांबवता दाराकडे बघितलं. मुरारी ओट्यावर नव्हता. वासापासून लांब, पांदीच्या तोंडाशी तो जाऊन उभा राहिला होता, आपल्या घराच्या कौलांतून वर चढणाऱ्या धुराकडे बघत.

त्याचा हात पुन्हा पोटावर होता.