शुक्रवारचा राहुकाळ

माझा मुलगा भरद्वाज रोज पहाटे घरच्या ग्रुपवर धैर्याची वाक्यं पाठवतो. उगवता सूर्य, कड्यावर उभा माणूस, खाली लिहिलेलं असतं, 'झेप घ्या'. त्याच भरद्वाजानं गेल्या शुक्रवारी पोटच्या मुलीला दारात अडवलं.

विनुताला बँक सोडून वीणा घडवायला शिकायचं होतं. वीणा घडवणाऱ्या सुब्रह्मण्य आचारींकडे शिकाऊची जागा एकच, मागणारे दोघे. ते म्हणाले होते, "शुक्रवारी अकराला फणसाचं खोड कोरायला घेतो. तेव्हा जो हजर, तो माझा."

अप्पांना, म्हणजे भरद्वाजाला, नमस्कार करून निघायचं म्हणून पोर नवापासून थांबलेली. हा मात्र पूजा लांबवत बसला. उठला तो घड्याळ बघूनच.

"साडेदहा झाले. राहुकाळ लागला. आता बारापर्यंत नव्या कामाला निघायचं नाही."

"अप्पा, बारापर्यंत जागा जाईल."

"जाऊ दे गे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! माझ्या अंगाचा भडका उडाला. हेच शब्द माझ्या वडिलांचे, कृष्णाजींचे. मी एकोणीस वर्षांची होते. तिरुचीला रेडिओवर गाण्याची परीक्षा होती. सोमवारी साडेसातला राहुकाळ लागला आणि आठची बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. नऊनंतर निघालो, पोचलो तेव्हा खोलीला कुलूप. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. तंबोऱ्याला अजून खोळ आहे.

"भरद्वाजा," मी म्हटलं, "ग्रहांना कशाला पुढे करतोस? भीती तुला वाटते, तर तसं सांग!"

"अम्मा, उद्या हिचं फसलं तर?"

"तर फसेल! माझं काहीच फसलं नाही. पंचावन्न वर्षं डाळ शिजवली, एकदासुद्धा फसली नाही!"

मी पायांत चपला सरकवल्या.

"विनुता, नमस्कार मला कर. आणि ऑटो थांबव."

रस्ताभर ती रडत होती. मी समजूत घातली नाही. माझाच राग मला आवरत नव्हता, आणि तो सगळा भरद्वाजावर नव्हता. त्या सोमवारी बसमागे धावू नये म्हणून मला तरी कोणी धरून ठेवलं होतं?

अकराला पाच कमी होते, दुसरा अजून आला नव्हता. आचारींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, राहुकाळात आलात?"

"तुमची पटाशी बोथट होते का राहुकाळात?"

ते हसले, पटाशी विनुताच्या हातात दिली. तिनं पहिला घाव घातला. तो तिरपा गेला, मोठी ढलपी उडून माझ्या पायाशी पडली.

"चुकलं," आचारी म्हणाले. "पुन्हा मार."