आधी माझी बाजू सांगा

शुक्रवारी मधल्या सुट्टीत फळ्यावर नोटीस लागली आणि माझा डबा उघडायचाच राहिला.

‘पालकांच्या लेखी विनंतीनुसार इयत्ता नववीच्या मुलींचा सायंकाळचा फुटबॉल सराव बंद करण्यात येत आहे. सदर वेळेत मुलींसाठी जादा तास घेतले जातील.’ खाली हेडसरांची सही आणि गोल शिक्का.

दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना नक्की कशाचा राग येतोय ते कळलं. मुलांचा सराव बंद नव्हता. तेच मैदान, तीच वेळ, तेच सम्राट सर. मुलांना जादा तास लागत नाहीत, ती बहुतेक पोटातूनच पाठ करून येतात. आमच्या वर्गातला धवल शाळेच्या टीमचा कॅप्टन आहे. त्याला सहामाहीला गणितात अकरा मार्क पडलेत, ऐंशीपैकी.

“मी तर शाळाच सोडते,” भैरवी म्हणाली. ती आमची स्ट्रायकर आणि माझी मैत्रीण. ती महिन्यातून एकदा तरी शाळा सोडते.

आंतरशालेय सामने तीन आठवड्यांवर आले होते. आमच्या शाळेची मुलींची टीम पहिल्यांदाच उतरणार होती आणि मी तिची गोलकीपर. आमच्या गावात पोरगं चालायला लागलं की आधी बॉलला लाथ मारतं, मग आईकडं जातं. पोरी गच्चीवरून मॅच बघतात. त्या गच्चीवरून खाली यायला मला चौदा वर्षं लागली होती, आणि परत वर पाठवायला एक कागद पुरला.

आता विमला मॅडमबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं. या वर्षी गुरुवारी शेवटचा तास ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ असा लागलाय. हॉलमध्ये त्याचं बॅनर आहे, वडाचं झाड आणि झाडाखाली दाढीवाले ऋषी. आधी त्या तासाला आम्ही विज्ञानाच्या वह्या पूर्ण करायचो. मग विमला मॅडम आल्या. त्या संस्कृत शिकवतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “हे पाठ करायचं नाही. वापरायचं.”

त्यांनी एक नियम शिकवला. जुन्या काळी वाद घालायचा तर आधी पूर्वपक्ष मांडावा लागायचा. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं. तेही असं, की समोरच्यानं मान डोलावली पाहिजे, व्हय, हेच म्हणायचं होतं मला. त्यानंतर आपलं उत्तर, म्हणजे उत्तरपक्ष. बौद्ध, जैन, नैयायिक, सगळे एकमेकांशी असेच भांडायचे म्हणे. मॅडमनी आम्हाला जोड्या लावून भांडायला बसवलं. मान डोलावल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. पण दुसऱ्याचं म्हणणं मांडायचं म्हटल्यावर भीती वाटेना, चुकलं तरी ते माझं नव्हतं ना. मग एक दिवस माझंपण मांडलं. त्यानंतर मी थांबलेच नाही. इतिहासात तहाचा धडा आला की मी शत्रूच्या तंबूत जाऊन बसायची. भूमितीत प्रमेय चुकीचं आहे असं धरून चालायची आणि कुठं अडतंय ते बघायची. सगळ्यात मजा गोलपोस्टात आली. भैरवी पेनल्टी घ्यायला आली की मी आधी तिचा पूर्वपक्ष मांडायची. हिला वाटतंय मी उजवीकडं झेपावणार, कारण मी कायम तिकडंच झेपावते, म्हणून ही डावीकडं मारणार. मी डावीकडं. बॉल हातात. भैरवी म्हणाली, “तुझ्या मॅडमला सांग, माझ्या डोक्यातनं बाहेर निघ म्हणावं.”

तर नोटीस. सम्राट सर जाळीला गाठी मारत बसले होते.

“सर, विनंती कुठल्या पालकांनी केली?”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मोबाईलवर अर्जाचा फोटो दाखवला. “मी दाखवला म्हणून सांगू नको.”

चौदा सह्या होत्या. सातवी पप्पांची.

पप्पा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहेत. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीतल्या स्टेजवर दरवर्षी बोलतात. पोरींना शिकवा, प्रश्न विचारू द्या, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. टाळ्या पडतात. पहिल्या रांगेत बसून त्यातल्या निम्म्या मी वाजवलेल्या आहेत.

“पप्पा, सही का केली?”

“कसली सही?” ते बूट काढत होते.

“माझा फुटबॉल बंद करायची.”

“तसली न्हवती ती. जादा तासाची होती. बाळासो आलतं वर्कशॉपात. म्हणालं, समद्यांनी केल्यात.”

“वाचली का?”

“गाडीखाली होतो. हाताला ग्रीस. कुठं वाचत बसू?”

आई आतून म्हणाली, “मग अंगठाच उठवायचा की ग्रीसचा.”

“तू गप गं. पोरीच्या भल्याचंच हाय.”

“मला विचारलं का?” मी म्हणाले.

“तुला काय विचारायचं त्यात?”

एवढं म्हणून ते हात धुवायला गेले. मी तिथंच उभी राहिले. शाळेनं बंद केलं त्याचा राग वेगळा होता, त्यात ओरडता येत होतं. ह्यात ओरडताही येईना. रात्री आईनं दोनदा हाक मारूनही मी जेवायला गेले नाही.

रविवारी पालकसभा होती. विमला मॅडमनी हेडसरांना गाठून माझ्यासाठी दहा मिनिटं मागून घेतली. विषयपत्रिकेवर लिहून आलं, ‘विद्यार्थिनीचे मनोगत’. मॅडम मला म्हणाल्या, “नियमानं जा. आधी त्यांचं.”

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाळासोकाकांच्या टायरच्या दुकानात गेले. ते पालक संघाचे अध्यक्ष. त्यांची प्रीती आमच्या टीममध्ये डावीकडं बॅकला खेळते. आठवडाभर ती मैदानावर आली नव्हती.

“या पावणं,” काका म्हणाले. “भांडायला आलीस व्हय?”

“भांडण उद्या. आज फक्त ऐकणार. अर्ज का केला ते सांगा.”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “गेल्या आठवड्यात बुधवारी सात वाजता प्रीती येत हुती. कोपऱ्यावर दोन गाड्या आडव्या घातल्या पोरांनी. नाव घिऊन हाका मारल्या. पोरगी घरात यिऊन जेवली न्हाय. मला न्हाय सांगितलं, आईला सांगितलं. मी दिवसभर हितं टायर हाणतोय, तिच्या मागं कुठं फिरू? उद्या काय झालं तर तू भरून देणार हाईस?”

मी वहीत लिहून घेतलं. माझा राग कमी झाला नाही, पण काकांवर बसेना. प्रीती न जेवता झोपली ते डोळ्यांसमोर आलं. शुक्रवारी मीही तशीच झोपले होते.

रविवारी हॉलमध्ये बॅनरखाली हेडसर, शेजारी बाळासोकाका. समोर साठसत्तर पालक, तिसऱ्या रांगेत पप्पा. हॉलला एकच दार, आणि दाराबाहेर व्हरांड्यात चहा नि खारी मांडलेली. अर्ध्या लोकांचं लक्ष तिकडंच होतं.

मी बोलायला लागले. नाव न घेता मी संध्याकाळचे सात सांगितले, कोपरा सांगितला, आडव्या गाड्या सांगितल्या. न जेवलेली मुलगी सांगितली. दिवसभर दुकानात, कारखान्यात, गाडीखाली असणारा बाप सांगितला, ज्याला एकच गोष्ट हातात आहे असं वाटतं, मुलीला घरात ठेवायची. अभ्यासाचं वर्ष सांगितलं. गोळा केलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काही कमी केलं नाही. माणसं माना डोलवायला लागली, आधी बायका, मग पुरुष. बाळासोकाकांनी रुमाल काढला. असला पूर्वपक्ष आमच्या वर्गात आजवर कुणी मांडला नव्हता.

टाळ्या पडल्या. मी पाण्याचा घोट घेतला आणि वहीचं पान उलटलं. वर लिहिलं होतं, उत्तरपक्ष.

हेडसर उभे राहिले. “वा. मुलीनं स्वतःच एवढा समजूतदारपणा दाखवलाय, की आता चर्चेची गरज नाही. निर्णय कायम. चहा घेऊया.”

“सर, अजून माझं झालं नाही.”

“झालं की बाळ. फार छान बोललीस.”

“हे माझं नव्हतं. हे तुमचं होतं.”

कुणी ऐकलं नाही. खुर्च्या सरकल्या. एक काकू जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, “गुणाची गं बाई.” मला आयुष्यात कुणी एवढी घाण शिवी दिली नव्हती.

विमला मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणाले, “तुमचा नियम फालतू आहे.”

“फालतू नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी तुम्हाला अर्धाच शिकवला. मांडायला शिकवलं. ऐकणाऱ्यानं उठून जायचं नसतं, ते शिकवायचं राहिलं.”

“मग ते त्यांना कोण शिकवणार?”

मॅडमनी दाराकडं बघितलं. खरं सांगायचं तर कदाचित चहाकडं बघितलं असेल, पण मी दाराकडं असंच धरलं.

मी पळत गेले आणि दारात उभी राहिले. पाय फाकवून, गुडघे वाकवून, दोन्ही हात चौकटीला. पेनल्टीला उभी राहते तशी.

“सरक गं,” पहिले काका म्हणाले.

“मी तुमची बाजू सांगितली. तुम्ही माना डोलावल्या. आता कुणीतरी माझी बाजू सांगा. मी मान डोलावली की चहाला जावा.”

“खुळी हाय काय ही?” मागून कुणीतरी म्हणालं. “कुणाची पोरगी?”

“आकारामची.”

हेडसर पुढं आले. “प्रियदर्शनी, हे शिस्तीत बसत नाही.”

“सर, हे गुरुवारच्या तासात बसतं. तुमच्या मागं त्याचंच बॅनर आहे.”

“ते तासापुरतं असतं.”

असं ते खरंच म्हणाले, सत्तर माणसांसमोर. आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी मागं वळून बॅनरकडं बघितलं.

बाळासोकाका घसा खाकरून म्हणाले, “हिचं म्हणणं, मला खेळायला आवडतंय.”

मी मान हलवली. नाही.

“सामने हाईत जवळ.”

नाही.

“पोरांचं चालू ठिवलं आणि पोरींचं बंद केलं.”

“अर्धं झालं,” मी म्हणाले.

“आता गं? चहा गार हुतोय की.”

तेवढ्यात गर्दीतून पप्पा पुढं आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार. मी हात काढले नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहिले, पण बोलले खाली फरशीकडं बघून.

“कोपऱ्यावर गाड्या आडव्या घालणारी पोरं मोकळी. घरात बसायचं पोरींनी. चूक त्यांची, शिक्षा हिला. असं म्हणणं हाय हिचं.”

माझी मान जागची हलली नाही. पप्पा बाळासोकाकांकडं वळले.

“ही गेल्या वर्षापर्यंत घरात पावणं आलं की आतल्या खोलीत जायची, बाळासो. पाणी द्यायलाबी बाहेर यायची न्हाय. आज दारात उभी हाय. ते खेळानं झालं. आपण काय काढून घेतोय ते तुमाला कळलं न्हाय, मलाबी कळलं न्हाय.”

मला रडू यायला लागलं होतं, पण मी मान डोलावली नाही. अजून एक राहिलं होतं. त्यांना माहीत होतं ते.

“आणि मी सही केली ती न वाचता,” पप्पा म्हणाले. “हिला न विचारता.”

मी मान डोलावली. हात काढले.

कुणी बाहेर गेलं नाही. पप्पांनी हेडसरांकडं अर्ज मागितला आणि सातव्या नावावर रेघ मारली. मग एका काकूंनी पेन मागितलं. बाळासोकाकांनी नाव खोडलं नाही. म्हणाले, “आधी कोपऱ्याचं बघा, मग मी बघतो.” ते मला पटलं. विमला मॅडमनी माझी वही उघडून माझ्या हातात दिली, आणि मी उत्तरपक्ष वाचला. एकानं मधेच घड्याळ बघितलं, तर बाळासोकाका त्याच्यावर खेकसले, “बस की, पोरीचं हुईतोवर.”

सगळं मिळालं असं नाही. सराव सातऐवजी साडेसहाला संपतो. सुटताना दोन पालक कोपऱ्यावर थांबतात, पहिला आठवडा पप्पांचा आणि बाळासोकाकांचा. दोघं टपरीवर चहा पितात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं पोलिसासारखं बघतात. प्रीती परत यायला लागली. जादा तास सकाळी सातला गेलेत, मुलांना आणि मुलींना दोघांना. नोटीस मात्र कुणी काढली नाही. फळ्यावर ती अजून आहे, एक टाचणी निघालेली. मी रोज बघते आणि रोज तेवढाच राग येतो.

मंगळवारी सकाळी सातला धवल डोळे चोळत वर्गात आला आणि माझ्या बाकासमोर उभा राहिला.

“तुमच्यामुळं आमालाबी पहाटे उठाय लागतंय. कुणी सांगितलंतं तुला भाषण ठोकायला?”

“भांडायचंय?”

“व्हय.”

“बस मग. आधी माझी बाजू सांग.”

तो बसला. दहा मिनिटं झाली तरी पहिलंच वाक्य जुळवत होता. मी गणिताचं पुस्तक काढून त्याच्यापुढं सरकवलं. वेळ होता, तोवर त्रिकोणाचे कोन तरी शिकला असता.