नाताळची रंगीत तालीम

माझा नवरा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. म्हणजे लोकांचा आनंद तो त्यांना ठाकठीक करून परत देतो. नवरीच्या बोटात अंगठी गेली आणि ती कॅमेऱ्यात नीट आली नाही, तर काढायला लावतो आणि पुन्हा घालायला लावतो. तिच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उजेड पाठीमागून होता, तर त्या बिचाऱ्याला खिडकीकडे तोंड करून नव्याने गहिवरायला सांगतो. लोक मुकाट्याने ऐकतात. त्यांचं काय, एका दिवसाचा प्रश्न असतो. संसार मला करायचा आहे.

मी नर्स आहे. गेले दोन नाताळ माझे वॉर्डात गेले. इकडे मुलं भेटी उघडत होती तेव्हा तिकडे मी कुणाचं तरी सलाइन बदलत होते. मागच्या वर्षी नवऱ्याने व्हिडिओ पाठवला. त्यात आमचा धाकटा, गोट्या, तेव्हा तीन वर्षांचा, खोका बघून असा काही हरखला होता की मी तो सगळ्या वॉर्डाला दाखवला. पाय मोडलेल्या एका आजोबांना तर दोनदा दाखवला, कारण ते उठून जाऊ शकत नव्हते. यंदा मात्र बरोबरच्या नर्सला माझे तीन रविवार देऊन मी ती सकाळ मागून घेतली. मला पोराचं तोंड प्रत्यक्ष बघायचं होतं. बाकी झाड, चांदण्या, केक गेला खड्ड्यात.

कुठलं तोंड ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या खिडकीतून समोरचं बांधकाम दिसतं. तिथली क्रेन वर जायला लागली की गोट्या तोंडातला घास विसरतो. खालचा ओठ लोंबतो, डोळे स्थिर होतात, हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून मी लाल रंगाची क्रेन आणली, दांडा फिरवला की हूक खरोखर वर जाणारी, आणि कपाटात चादरींखाली लपवली.

नाताळला आठवडा असताना मी संध्याकाळी ड्यूटीवरून घरी आले, तर बैठकीच्या खोलीत फरशीवर चिकटपट्टीच्या फुल्या. नवरा ट्रायपॉडच्या मागे. पुढ्यात दोन्ही मुलं आणि चकचकीत कागदात गुंडाळलेले बुटांचे रिकामे खोके.

"हे काय चाललंय?"

"तालीम," नवरा म्हणाला. "मागच्या वर्षी वहिनीने तिच्या मुलांचा फोनवर काढलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर किती गाजला बघितलंस ना? फोनवर! निम्म्यात तर तिचं बोट आलंय. आणि मी इथे धंदा करतो याचा."

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला बिचारीला कल्पनाही नाही की ती स्पर्धेत आहे.

"अरे, पण अचानक मिळण्यातच गंमत असते ना?"

"अचानकच दिसणार. ती काळजी माझी."

मुलांना त्याने सांगितलं होतं की सांता फार घाईत असतो, वर्षातून एकदाच येतो, तेव्हा एका दमात नीट झालं पाहिजे. सात वर्षांची ठमी एव्हाना बापाची मदतनीस झाली होती. "आई, फ्रेममधून बाजूला हो," असं मला म्हणाली आणि मग पाठ म्हणून दाखवलं. "एक नंबर म्हणजे दचकायचं. दोन नंबर, खरंच वाटत नाही, म्हणून गालांवर हात. तीन नंबर, आईकडे पळायचं आणि मिठी. बाबा 'कट' म्हणेपर्यंत सोडायची नाही."

"मागच्या वर्षी पण तालीम केली होती?" मी विचारलं.

"नाही, तेव्हा तिसऱ्या वेळी जमलं. पहिल्यांदा गोट्या नुसता तोंड उघडं टाकून बसला होता. बाबा म्हणाला, असा मख्ख काय बघतोस."

मी पर्स धाडकन टेबलावर टाकली. म्हणजे जे तोंड बघायला मी तीन रविवार दिले, ते या शहाण्याने खराब म्हणून पुसून टाकलं होतं! मी कडाडून भांडले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही नाही का शिकताना संत्र्याला इंजेक्शन टोचत? तेव्हा चालतं!" या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपलंच डोकं पिकवून घ्यायचं. मी गप्प बसले. नुसती गप्प बसले नाही, तर रोज कामावरून येऊन माझ्या फुलीवर उभीही राहिले. तीन नंबरला कुणीतरी लागणारच होतं. ही चूक माझी, ती मी त्याच्या माथी मारणार नाही.

नाताळची सकाळ उजाडली. झाडाखाली तेच खोके, आत रात्री मी ठेवलेल्या भेटी, खिडकीतून मऊ ऊन, नवऱ्याला हवं होतं अगदी तसं. "चला!" तो म्हणाला. मुलं आत आली. दोघंही दचकली. दोघांचे हात गालांवर गेले. मग गोट्या धावत येऊन मला बिलगला. किती घट्ट! दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते. माझा ऊर भरून आला.

"कट! एकदम मस्त!" नवरा ओरडला. गोट्याने झटकन मिठी सोडली. दोघांनी आपापला खोका उचलला आणि रोजच्यासारखा फळीवर नेऊन ठेवला. ठमी म्हणाली, "चल, आता खेळायला."

"अरे, उघडा तरी!" मी म्हणाले.

"आत काही नसतं, आई," गोट्या मला समजावत म्हणाला.

मी त्याचा खोका खाली आणला. नवऱ्याने पुन्हा कॅमेरा सरसावला, तेव्हा मी सरळ भिंगावर हात ठेवला आणि असं बघितलं की तो मागे सरकला. "उघड, बाळा," मी म्हणाले.

त्याने झाकण काढलं. लाल क्रेन. त्याचा खालचा ओठ लोंबला, डोळे स्थिर झाले. आलं, आलं!

मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने पटकन तोंड मिटलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. भिंगावर माझा हात होता. तो गोंधळला.

"आई, मग आता कुणाला दाखवू?"

"मला दाखव," मी म्हणाले.

त्याने दोन्ही हात गालांवर ठेवले, डोळे मोठे केले आणि मला दोन नंबर दाखवला. सुरेख दाखवला, हसूसुद्धा जागच्या जागी. आणि तसाच थांबून राहिला, पापणी न लववता. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी हलेना.

"कट," शेवटी मलाच म्हणावं लागलं.